गल्लीत नसलेला लालभाई

गेल्या श्रावणात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाकट्या काकांनी एक गोष्ट पाठवली. बेळगावातील एका नामांकित महाविद्यालयात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यात कोणा विद्यार्थ्याला नापास केले नव्हते, परंतु एकदा त्यांनी सबंध वर्गच नापास केला, अशी तिची सुरुवात होती. वर्गातील मुलांचे म्हणणे असे की समाजवाद आला की गरीब आणि श्रीमंत हा भेद उरणार नाही. प्राध्यापक म्हणाले, ठीक आहे, वर्गातच करून पाहू. सगळ्यांचे गुण एकत्र करू आणि सरासरी काढून प्रत्येकाला सारखे वाटू. पहिल्या परीक्षेत सर्वांना 'बी' मिळाला. अभ्यासू मुले चिडली, उनाड मुले खूश झाली. दुसऱ्या परीक्षेत अभ्यासू मुलांनीही हात आखडता घेतला आणि सर्वांना 'डी' मिळाला. तिसऱ्या परीक्षेत सगळ्या वर्गाला 'एफ'. खाली काकांनी स्वतःचे तीनच शब्द जोडले होते, "विचार करा सगळ्यांनी."

मी विचार केला. पहिला विचार असा आला की बेळगावच्या कॉलेजात हा 'एफ' आला कोठून? काकांच्या काळात आणि माझ्याही काळात टक्के होते, क्लास होते, आणि नापास झालेला मुलगा गणितात गचकला म्हणून गल्लीभर ओळखला जाई. 'एफ' मिळालेला मुलगा आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. गोष्ट अमेरिकेतील आहे. इंग्रजीत ती ई-मेलच्या जमान्यापासून फिरत आली आहे आणि २००९ साली बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा तिला विशेष बहर आला होता. तिच्यातील प्राध्यापकाला नाव नसते आणि महाविद्यालय मात्र दर वेळी निराळे असते. सीमाभागात माणसाला एकेक दाखला मिळवताना चपला झिजवाव्या लागतात. या गोष्टीला बेळगावचा रहिवासी दाखला एका रात्रीत मिळाला होता.

काका हे काही कोणा पक्षाचे पगारी प्रचारक नव्हेत. ते शेतकरी आहेत, पंचाहत्तरीकडे झुकले आहेत, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि आमच्या गावात किंवा आसपासच्या चार गावांत त्यांना भेटेल असा एकही कम्युनिस्ट नाही. जो माणूस गावात नाही, ज्याच्या पक्षाला आमच्या मतदान केंद्रावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही मते पडत नाहीत, त्याच्यापासून सावध राहण्याचे इशारे सकाळी चहाच्या आधी घरोघर का पोहोचावेत, हे कोडे मला त्या दिवसापासून सुटत नव्हते.

आमच्या घरात 'लालभाई' हा शब्द मी फार लहानपणी ऐकला, आणि बरीच वर्षे तो खडेबाजारातील एखाद्या गुजराती कापडवाल्याचे नाव असावे असे समजत होतो. कारण त्याचा उल्लेख नेहमी पैशांच्या बोलण्यात येई. दूध सोसायटीच्या बैठकीत कोणी फॅट कसे मोजता ते आमच्यासमोर मोजा म्हटले की मागून आवाज येई, "आला बगा लालभाई." देवळाच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहा असे म्हणणारा तरुण लालभाई. कापणीला आलेल्या बायकांनी भाताऐवजी रोख मजुरी मागितली तर त्यांना कोणीतरी लालभाईने भरवलेले असणार. हा लालभाई रशियाचा की चीनचा, त्याने काय लिहिले, त्याला काय हवे आहे, हे कोणी सांगत नसे. सांगण्याची गरजही नव्हती. शब्द उच्चारला की ज्याने हिशेब मागितला त्याच्याकडे माना वळत आणि ज्याच्याकडे हिशेब होता त्याच्यावरून त्या हटत. एवढे काम झाले की शब्दाचे काम झाले.

पुढे तो माझ्याही वाट्याला आला. मी एका खाजगी संस्थेच्या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा पगाराच्या वहीवर एका रकमेपुढे सही आणि हातात दुसरी रक्कम, असा तेथील रिवाज होता. तिसऱ्या महिन्यात मी विचारले. संस्थेचे चालक सभ्य गृहस्थ होते, त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "गुरुजी, तुम्ही लाल पुस्तकं वाचता असं कानावर आलंय. तरुण वय आहे, जपा." तोवर मी मार्क्सचे एक पानही वाचलेले नव्हते. त्या चहानंतर मात्र वाचायला घेतले, म्हणजे त्यांच्या सावधगिरीचा उपयोग झाला नाही असे मला म्हणता येणार नाही. पगाराचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. बाकीच्या शिक्षकांनी माझ्याबरोबर डबा खाणे हळूहळू कमी केले.

या प्रचारात सगळेच खोटे होते असे म्हणण्याची सोय नाही, आणि तसे म्हणणारा माणूस काकांच्या पिढीपुढे दोन मिनिटेही टिकणार नाही. १९४२ साली देश 'चले जाव' म्हणत असताना कम्युनिस्ट पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध म्हटले आणि आंदोलनापासून तो दूर राहिला. ब्रिटिशांनी १९३४ साली त्याच्यावर घातलेली बंदी त्याच वर्षी उठली, हा योगायोग लोक विसरले नाहीत. १९४८ साली पक्षाने स्वातंत्र्यच खोटे ठरवले. स्तालिनच्या राज्यात लक्षावधी माणसे छावण्यांत आणि दुष्काळात मेली, माओच्या 'मोठ्या झेपे'नंतरच्या उपासमारीत कोट्यवधी मेली, आणि येथील पक्षाची पुस्तके त्या काळात ट्रॅक्टरची चित्रे छापत होती. १९६२ साली तर चीनने प्रत्यक्ष हल्ला केला. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव. आमच्याकडे दर चार घरांमागे एक फौजी असतो, त्यामुळे तवांग आणि सेला ही नावे येथे भूगोलाच्या पुस्तकातून आली नाहीत, ती पत्रांतून आणि तारांतून आली. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनच्या आक्रमणाचा निषेध केला होता, तरीही त्याच महिन्यात देशभर शेकडो कम्युनिस्टांना अटक झाली, आणि यातील पहिली गोष्ट कोणाला आठवत नाही, दुसरी सर्वांना आठवते. खासबागेत आमच्या आजीच्या माहेरच्या शेजारी एक विणकर राहत असे. त्याच्या मागापाशी भिंतीवर रशियन कॅलेंडर होते. त्या हिवाळ्यात मुले त्याच्या दारावरून 'चिनी, चिनी' म्हणत पळत. त्याने कॅलेंडर फाडले नाही, उलटे करून लावले. कोरी बाजू वर. आजी सांगे की नंतर तो त्या कोऱ्या बाजूवर सुताचा हिशेब लिहू लागला.

तेव्हा पाप होते, आणि मोठे होते. मला खटकते ते इतकेच की स्तालिनचे पाप हे आमच्या दूध सोसायटीच्या फॅटच्या मापाला उत्तर म्हणून वापरले जात होते.

हा माल कोठून येत होता याचा शोध घ्यायला लागलो तेव्हा लक्षात आले की त्याचा बराचसा भाग तर माझ्या दप्तरातच होता. आमच्या वह्यांना कव्हरे घालायला रद्दीवाल्याकडून गुळगुळीत कागदाची मासिके येत. त्यांत काही सोव्हिएत असत, गव्हाच्या शेतात हसणाऱ्या बायकांची. काही अमेरिकन वकिलातीच्या 'स्पॅन'ची, उंच इमारती आणि स्वच्छ स्वयंपाकघरांची. माझी गणिताची वही मॉस्कोत आणि भूगोलाची न्यूयॉर्कमध्ये असे. दोन महासत्ता एका विद्यार्थ्याच्या दप्तरात शेजारी शेजारी नांदत होत्या आणि दोघीही पाऊस लागला की सारख्याच चिकटत. परंतु एक फरक होता जो मला फार उशिरा कळला. सोव्हिएत मासिकावर ते कोणाचे आहे ते छापलेले असे, 'स्पॅन'वरही असे. ज्याच्यावर छापलेले नसे तो माल निराळ्या वाटेने येई. १९५० साली बर्लिनमध्ये 'सांस्कृतिक स्वातंत्र्या'च्या नावाने एक मोठी संस्था उभी राहिली, पुढल्याच वर्षी मुंबईत तिच्या विचाराची परिषद भरली, तिच्या छत्राखाली चांगली नियतकालिके निघाली, चांगल्या लेखकांनी त्यांत प्रामाणिकपणे लिहिले, आणि १९६६–६७ साली उघड झाले की मूळ संस्थेचा पैसा अमेरिकेच्या सीआयएकडून येत होता. त्यातील बहुतेकांना हे ठाऊक नव्हते. १९५७ साली केरळात निवडून आलेले नंबूदिरीपाद यांचे कम्युनिस्ट सरकार १९५९ च्या जुलैअखेर बरखास्त झाले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी दिल्लीतील अमेरिकेचे माजी राजदूत मॉयनिहन यांनी लिहून ठेवले की भारतातील कम्युनिस्टांना रोखण्यासाठी सीआयएने काँग्रेसला दोनदा पैसा दिला होता, एकदा केरळात आणि एकदा बंगालमध्ये. रशियाकडूनही पैसा येतच होता, तो इतर वाटांनी. मला यात नवल पैशाचे वाटत नाही. नवल याचे वाटते की इतका खर्च करून तयार केलेली भीती आमच्या गावात पोहोचेपर्यंत कोणाच्याच मालकीची राहिलेली नव्हती. ती म्हणीसारखी झाली होती. 'विशीत कम्युनिस्ट नसेल त्याला काळीज नाही आणि चाळिशीतही असेल त्याला डोके नाही' हे वाक्य लग्नाच्या पंगतीत मी किमान वीस वेळा ऐकले असेल, बहुधा चर्चिलच्या नावावर. चर्चिलने ते म्हटल्याचा पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ते राजेशाही नको म्हणणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांविषयी बोलले जाई. नाव खोडून दुसरे लिहिले की चालले.

आमचे वडील, आण्णा, मुंबईला गिरणीत होते. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातील माणसे तेथे गावकीच्या खोलीत राहत. एका खोलीत तीस तीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे, प्रत्येकाच्या नावाची एक ट्रंक आणि एक खुंटी. आण्णा आधी बदली कामगार, मग साचेखात्यात कायम. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पावसाळ्यापर्यंत आण्णा ट्रंक घेऊन गावी आले. पुन्हा गेले नाहीत. गावात त्यांच्या येण्याचे स्पष्टीकरण तयारच होते, 'लाल बावट्यानं गिरण्या बुडवल्या.' ते मी इतक्यांदा ऐकले की पुष्कळ वर्षे मलाही तो इतिहासच वाटे.

दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. ते घाटकोपरचे डॉक्टर, काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेतून आलेले. गिरण्यांतील कम्युनिस्ट संघटना तोवर थकलेली होती, आणि ती का थकली याचे एक कारण कायद्यात होते. १९२८ साली गिरणी कामगार युनियनने सहा महिने चाललेला संप लढवला तेव्हापासून मालक आणि सरकार या दोघांनाही लाल बावटा नको होता. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्याने एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली, वाटाघाटीचा हक्क तिलाच, आणि गिरण्यांत ते स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी ती हटेना, तेव्हा त्यांनी बाहेरचा डॉक्टर आणला. संपाची एक मोठी मागणी बोनसची होती आणि दुसरी हा कायदा बदलण्याची. म्हणजे लाल बावट्याला बाहेर ठेवण्यासाठी जे दार बंद केले होते तेच कामगारांवर बंद झाले, आणि दार मोडायला गेलेल्या माणसालाही लाल म्हटले गेले. आण्णांना हे सगळे ठाऊक होते. आम्ही विचारले तर म्हणत, "डॉक्टर लाल न्हवता, रागीट हुता." पण चावडीवर कोणी 'लाल बावट्यानं बुडवलं' म्हटले की ते गप्प बसत. मला वाटते गावात परत आलेल्या माणसाला हरण्याचे कारण म्हणून कोणीतरी परका लागतो, आणि रशिया मालकापेक्षा लांब आहे.

निपाणीत तेच दुसऱ्या प्रकारे झाले. तंबाखूच्या वखारींतील बायका १९८० च्या आसपास संघटित होऊ लागल्या तेव्हा त्या 'लाल' झाल्या, जरी त्यांना एकत्र आणणारे समाजवादी विचाराचे होते. आणि समाजवादी व कम्युनिस्ट यांचे भांडण सासू-सुनेचे असते हे मराठी राजकारण पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, आणि बाजारात कुजबुज तीच. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी हे खुल्या बाजाराचे आयुष्यभराचे पुरस्कर्ते होते. त्यांना लाल म्हणणे म्हणजे देशस्थाला कोकणस्थ म्हणण्याहून अवघड आहे, पण लोकांनी तेही जमवले.

आता ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ होतो तिच्याकडे येतो. १७ जानेवारीला बेळगावात हुतात्मा दिन पाळला जातो. १९५६ च्या त्या दिवसांत सीमाभाग कर्नाटकाला देण्याच्या निर्णयाविरुद्ध माणसे रस्त्यावर आली आणि गोळीबारात मेली. काका दर वर्षी जातात, पांढरी टोपी घालून, फुले घेऊन. तेथे जुने पोवाडे आणि गाणी होतात, आणि काकांचा आवाज अजून खणखणीत आहे. ती गाणी ज्या शाहिरांची, ते अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकाचे. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे यांच्या शेजारी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे बसत. पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाकडून. खुद्द बेळगावात कॉम्रेड कृष्णा मेणसे यांच्यासारखा माणूस होता, स्वातंत्र्यलढा, गोवामुक्ती आणि सीमाप्रश्न या तिन्ही ठिकाणी उभा राहिलेला. ते जानेवारी २०२५ मध्ये गेले. आमचा सीमालढा एकट्या लाल बावट्याने उभा केला असे मी म्हणत नाही, तसे म्हटले तर तो दुसरा प्रचार होईल. पण त्यातून लाल रंग काढला तर सूर राहत नाहीत. आणि त्या काळी समितीच्या विरोधकांचे एक आवडते हत्यार हेच होते की ही मराठी माणसाची चळवळ नव्हे, हा कम्युनिस्टांचा डाव आहे. म्हणजे काकांच्या लहानपणी जो शब्द त्यांच्या चळवळीवर फेकला गेला तोच त्यांनी उचलून खिशात ठेवला, आणि आता ते तो इतरांवर फेकतात. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवले. ते म्हणाले, "शाहीर येगळे आणि लालभाई येगळे." मी विचारले, कसे? ते म्हणाले, "शाहीर आमचे हुते."

कदाचित सगळे एवढ्यातच आले. भाषेच्या बाजूने उभा असलेला कम्युनिस्ट आपला, मजुरीच्या बाजूने उभा असलेला परका. सीमेवर राहणाऱ्या माणसाला 'आपला' आणि 'परका' याचा हिशेब रोज मांडावा लागतो, दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत; तेव्हा हातातील फूटपट्टीने तो दुसऱ्या वस्तूही मोजू लागतो, याचा फार दोष देता येत नाही. कम्युनिस्ट पक्षाने भाषावार प्रांतरचनेला पाठिंबा दिला होता तो मराठीला दिला तसा कन्नडलाही दिला होता, ही अडचणीची गोष्ट तर आमच्याकडे कोणी काढतच नाही.

अलीकडे शब्द बदलला आहे. लालभाई म्हातारा झाला, त्याच्या जागी 'अर्बन नक्षल' आला. २०१८ पासून तो आमच्या गटावर वस्तीला आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक शेतांत यंत्रे उतरली आणि शेतकरी त्यांच्यापुढे आडवे झाले, तेव्हा गटावरच्या एका भाच्याने, जो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, लिहिले की यामागे अर्बन नक्षल असणार. आडवे झालेल्यांत त्याचा चुलत मामा होता. या शब्दाचा धाक मात्र लालभाईपेक्षा जास्त आहे. त्यात तुरुंग आहे. आणि बेळगावच्या एका अंगाला कोल्हापूर आहे, जेथे कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्या आठवड्यात एसटी स्टँडवर चहा पिताना एक सुशिक्षित माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "पण ते लालच होते ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त खात्री करून घेत होता.

पुन्हा प्राध्यापकाच्या वर्गात जातो. त्या गोष्टीत एक चलाखी आहे आणि ती मला बरेच दिवस सापडत नव्हती. वर्गातील प्रत्येक जण परीक्षा देतो. काही जास्त अभ्यास करतात, काही कमी. पेपर न लिहिता गुण घेऊन जाणारा त्या वर्गात कोणीच नाही. आमच्या गावात तो होता. आमचे आजोबा एका इनामदाराची तीन एकर जमीन अर्धेलीने करत. नांगरणी त्यांची, बी त्यांचे, चिखल त्यांचा. खळ्यावर रास पडली की शहरातून कारभारी येई आणि निम्मे भात बैलगाडीत भरून घेऊन जाई. गाडीही आजोबांचीच. प्राध्यापकाने आमच्या खळ्यावर यायला हवे होते, म्हणजे गुणांची सरासरी काढण्याआधी अर्धे गुण कोठे जातात ते त्यांना दिसले असते.

ती जमीन आमची कशी झाली हे काकांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. १९४८ चा मुंबई कूळकायदा आमच्या भागालाही लागू होता. त्याच्या पुढील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कुळे मालक मानली गेली. पण त्याआधी पाच महिने, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. आमच्या आत्याचे सासर चंदगडकडे; ती मंडळी कृषक दिनाने मालक झाली, आणि आजोबा आणखी सतरा वर्षे निम्मे भात गाडीत भरत राहिले. आमच्या घरी सीमाप्रश्नाचा हा अर्थ कधी बोलला जात नाही, भाषेचाच बोलला जातो. मग देवराज अर्स मुख्यमंत्री झाले, १९७४ ची दुरुस्ती आली, १ मार्च १९७४ पासून कुळांकडील जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळाने नमुना ७ भरून तालुक्याच्या भू-न्यायमंडळापुढे जायचे असे ठरले. आजोबांचा अर्ज कोणी भरला? काकांनी. तेव्हा ते तरुण होते, कन्नड लिहिता येणारे घरातील एकटे. कारभारी घरी येऊन सांगून गेला होता की हे सगळे रशियाचे कायदे आहेत, टिकायचे नाहीत, सही करू नका. काकांनी सही केली, म्हणजे आजोबांचा अंगठा धरून उठवला.

अर्स काँग्रेसचे. कायदा रशियाचा नव्हता. पण कारभारी अगदीच चुकीचे बोलत होता असेही नाही, कारण देशात जमिनीचा प्रश्न ज्या घाईने टेबलावर आला त्यामागे भीती होती, आणि ती लाल होती. तेलंगणात १९४६ ते १९५१ कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी ताब्यात घेतल्या. त्याच तेलंगणात, पोचमपल्लीला, १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना पहिले भूदान मिळाले. वोल्फ लाडेजिन्स्की नावाचा अमेरिकन शेतीतज्ज्ञ होता, ज्याने युद्धानंतर जपानमध्ये कुळांना जमिनी मिळवून देण्याच्या कामात मोठा वाटा उचलला आणि पुढे भारतातही कुळांची स्थिती पाहत फिरला. कम्युनिझम रोखायचा असेल तर कसणाऱ्याला जमीन द्या, असे तो ठामपणे मांडत असे. १९५४ साली त्याच्याच सरकारच्या शेतीखात्याने त्याला सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरवून दूर केले. लालभाई ठरण्यापासून तोही सुटला नाही. तरीही जी गोष्ट तो सांगत होता तिचा एक तुकडा, कितीतरी वळणे घेत, आमच्या तीन एकरांपर्यंत आला. कम्युनिस्ट आमच्या गावात कधी आला नाही. त्याची भीती तेवढी आली, आणि तिने आजोबांना जमीन देऊन काकांना लालभाईची भीती दिली.

हे सगळे मी त्या संध्याकाळी गटावर लिहायला घेतले. बरेच लिहिले, वाचले आणि पुसले. एवढे मोठे कोणी वाचत नाही, आणि काकांना उत्तर द्यायचे तर ते चारचौघांत देण्याची रीत आमच्या घरात नाही. मग माडीवर जाऊन ट्रंक उघडली. आण्णांचीच ती मुंबईची ट्रंक, तिच्यात आता घरचे कागद असतात. भू-न्यायमंडळाचा आदेश सापडला. कडा कुरतडलेल्या, शिक्का जांभळा, आजोबांचे नाव कन्नडमध्ये आणि थोडे चुकलेले. त्याचे छायाचित्र काढून काही न लिहिता गटावर टाकले. प्राध्यापकाच्या गोष्टीखाली ते जाऊन बसले. आत्तेबहिणीने हात जोडल्याचे चित्र पाठवले, पुण्याच्या भाच्याने विचारले की हा कागद कसला.

दहा मिनिटांनी काकांचा फोन आला. गोष्टीविषयी ते काही बोलले नाहीत, मीही काढली नाही. म्हणाले, "त्यो कागद तसाच नको ठेऊस. शहरात जाऊन लॅमिनेशन कर, आणि चार झेरॉक्स काढ. बायपासवाले उद्या आपल्याकडं आले तर पयला त्योच दाखवायला लागंल."